गाडी बारा फूट, पूल अकरा

भाड्याने घेतलेल्या आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवायच्या पट्टीवर एक पिवळा स्टिकर होता : उंची 12 फूट. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलाने त्यावर तीनदा बोट ठेवलं. मी तीनदा मान हलवली. मागे सोफ्यावर बसलेल्या बाबांनी खिशातली डायरी काढून आकडा टिपून घेतला. बाबा सातारा आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी गाडी सुटायच्या आधी काहीतरी लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

न्यू जर्सीहून निघून न्यूयॉर्क राज्यात शिरलो आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोनमधल्या रोजच्या नकाशाने उजवीकडे वळायला सांगितलं. ऑफिसला जाताना ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो तोच नकाशा. वळणाच्या तोंडाशी पाटी होती : फक्त मोटारी. तिच्या पलीकडे झाडीतून एक दगडी कमानीचा पूल दिसत होता. एरवी मी त्याचा फोटो काढला असता. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घेतली. मागचे हॉर्न वाजवत बाजूने निघून जात होते. बाबा सीटला धरत धरत पुढे आले, पूल बघितला, स्टिकर बघितला आणि म्हणाले, “हा नकाशा ज्याने केला, त्याने कधी मोठी गाडी चालवली आहे का रे?”

आरव्हीसाठीच्या ॲप्सचा आढावा घ्यायचा तर मला तरी याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट भागातले ‘पार्कवे’ 1920-30च्या दशकांत मोटारीतून फेरफटका मारणाऱ्यांसाठी बांधले गेले. मालट्रक तिथे यायचेच नव्हते, त्यामुळे पूल ठेंगणे ठेवले तरी चालून गेलं. कनेक्टिकटमधल्या मेरिट पार्कवेवर आजही 8 फुटांपेक्षा उंच वाहनाला मज्जाव आहे. साधं नकाशाचं ॲप गाडीची उंची विचारतच नाही. त्याच्या लेखी तुम्ही मोटार, दुचाकी, सायकल किंवा पायी चालणारा माणूस. स्वयंपाकघर आणि संडास पाठीवर घेऊन निघालेला प्राणी त्याच्या यादीत नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावात रेल्वेचा एक पूल 11 फूट 8 इंच उंचीचा होता. त्याखाली भाड्याच्या ट्रकांची टपं डबा उघडावा तशी सोलून निघायची, आणि समोरच्या इमारतीतल्या कॅमेऱ्याने 2008 पासून टिपलेल्या त्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. 2019 मध्ये रेल्वेने पूल 8 इंच उचलून 12 फूट 4 इंच केला. गाड्या अजून अडकतात. पाटी आहे, चमकणारे दिवे आहेत, सिग्नलसुद्धा आहे. चालवणाऱ्याच्या डोक्यात मात्र आपली रोजची मोटार असते.

म्हणून आरव्हीवाल्याने पैसे मोजून एकच ॲप घ्यायचं असेल तर ते रस्ता दाखवणारं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ‘आरव्ही लाइफ’ किंवा ‘कोपायलट’ यांत गाडीची उंची, लांबी आणि वजन भरता येतं आणि त्या मापाचा रस्ता मिळतो. गाडीवर स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आहे, हेही ‘आरव्ही लाइफ’ला सांगता येतं, आणि ते सांगणं फार गरजेचं. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यांत मोठ्या प्रोपेन टाकीला बंदी आहे. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. 26 मार्च 2024 च्या पहाटे मालवाहू जहाज धडकून तो पूल कोसळला, तेव्हापासून शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. साध्या नकाशाला तुमच्या टाकीचं काहीच माहीत नसल्यामुळे तो तुम्हाला सरळ बोगद्याच्या तोंडाशी नेऊन उभं करील.

ही ॲप्स देखणी नाहीत. बोलणारी बाई एकाच वळणाचा तीनदा उल्लेख करते, आणि वळसा पंधरा मैलांचा का, याचं कारण देत नाही. तरीही मी तिचं ऐकतो. आणि तिच्यावरही पूर्ण भरवसा ठेवत नाही, कारण राष्ट्रीय उद्यानांचे स्वतःचे नियम असतात. ग्लेशियर उद्यानातल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या घाटाच्या भागात आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद किंवा 21 फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक आरव्ही बाद. झायनचा बोगदा 1930 सालचा. त्या काळच्या गाड्यांच्या मापाने खोदलेला असल्यामुळे मोठ्या वाहनांना तिथे वेगळे नियम आहेत आणि ते बदलतही असतात. त्यासाठी राष्ट्रीय उद्यान सेवेचं 2021 मध्ये आलेलं स्वतःचं ॲप बघावं. ते फुकट आहे, चारशेहून जास्त ठिकाणांची माहिती त्यात आहे, आणि एखादं उद्यान आधीच उतरवून ठेवलं की नेटवर्क नसतानाही उघडतं.

पूर्वी घाटात एसटीचे ड्रायव्हर समोरून येणाऱ्या गाडीला हात करून थांबवायचे. वर दरड आहे का, धुकं किती, पोलीस कुठे उभे आहेत, एवढी चौकशी अर्ध्या मिनिटात उरकून गाड्या सुटायच्या. “पण समोरचा ट्रकवाला आहे, एसटीवाला आहे की जीपवाला, ते बघून विश्वास ठेवायचा,” असं बाबा सांगतात. “जीपवाला रस्ता चांगला आहे म्हणतो. त्याला काय, तो कुठूनही काढतो.” मी ॲप्सची वर्गवारी याच कसोटीने करायला लागलो : आत बोलणारा कोण आहे, आणि बोलून त्याच्या पदरात काय पडतं? ॲप स्टोअरमध्ये त्यांचे गट वेगळे असतात. नियोजन, निवास, मनोरंजन. त्या गटांचा मला कधीच उपयोग झाला नाही.

रात्री राहायचं कुठे, हा आरव्हीचा सर्वांत मोठा प्रश्न. त्याला उत्तर देणारे तीन जण आहेत : सरकार, धंदेवाईक आणि वाटसरू.

सरकारचं ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ हे एकच ॲप राष्ट्रीय उद्यानं, वनखातं, धरणांच्या काठचे कॅम्पग्राउंड अशा बहुतेक केंद्रीय जागांची आरक्षणं घेतं. माहिती नेमकी असते. साइटची लांबी, सावली, वाहनाची कमाल मर्यादा, झाडांच्या फांद्या, सगळं. अडचण एकच, जागा मिळत नाही. योसेमिटीच्या दरीतली कॅम्पग्राउंडं पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 7 वाजता खुली होतात. आम्हाला सप्टेंबरअखेर जायचं होतं. 15 एप्रिलला न्यू जर्सीत सकाळी दहा वाजता मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून बसलो होतो. पुण्यात भाचा संध्याकाळच्या साडेसातला लॅपटॉप उघडून बसला होता, आणि वॉट्सॲपवर मला धीर देत होता : “मामा, मी दिवाळीची तत्काळ काढलीये, हे काय!” दहा वाजून एक मिनिटाला सगळ्या चौकटी करड्या झाल्या. भाच्याने पाठवलेली हात जोडल्याची खूण अजून त्या चॅटमध्ये आहे.

तत्काळशी तुलना इथेच संपते, कारण इथे प्रतीक्षायादी नाही. पाच महिने आधी जागा धरून ठेवणारे बरेच लोक नंतर बेत रद्द करतात आणि ती जागा गुपचूप पुन्हा यादीत येते. ही फट ओळखून ‘कॅम्पनॅब’ आणि ‘कॅम्पफ्लेअर’ उभी राहिली. तारीख आणि ठिकाण भरून ठेवायचं. जागा सुटली की फोनवर संदेश येतो. ‘कॅम्पनॅब’ पैसे घेतं, ‘कॅम्पफ्लेअर’ फुकट आहे. संदेश एकाच वेळी बऱ्याच जणांना जातो, त्यामुळे रिक्रिएशनच्या ॲपमध्ये खातं, कार्ड, गाडीची लांबी आधीच भरलेली हवी. पहिला संदेश आला तेव्हा मी दुकानात रांगेत होतो. घरी जाऊन बघू म्हटलं आणि जागा गेली. दुसरा ऑगस्टमध्ये आला तेव्हा रांग सोडली. दोन रात्री मिळाल्या. त्या दोन रात्रींचं श्रेय मी कुठल्याही सुंदर नियोजन-ॲपला देणार नाही, एका कोरड्या एसएमएसला देईन.

योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याचं हुकअप नाही, हे मात्र आरक्षणाच्या आनंदात वाचायचं राहून जातं. यलोस्टोनमध्ये ते फक्त ‘फिशिंग ब्रिज’ला मिळतं, आणि तिथे तंबू चालत नाही, भक्कम भिंतींचीच गाडी लागते; कारण अस्वलं. तिथलं आरक्षण पुन्हा सरकारी ॲपवर मिळत नाही, उद्यानात हॉटेलं चालवणाऱ्या कंत्राटदाराकडून घ्यावं लागतं. राज्य सरकारच्या उद्यानांचा संसार आणखी निराळा. पाच राज्यांतून जायचं तर पाच खाती उघडायची तयारी ठेवायची.

धंदेवाईकांत सगळ्यांत जुनी ‘केओए’. ही कॅम्पग्राउंडांची साखळी 1962 मध्ये मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी, यलोस्टोन नदीकाठी सुरू झाली. सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्या त्या वाटेने जायच्या. आता तिची पाचशेहून जास्त ठिकाणं आहेत आणि ॲप सरळ आहे : साइट निवडा, पैसे भरा, नकाशा घ्या. आई-बाबा बरोबर असताना मी तिसऱ्या-चौथ्या रात्री तिथेच जातो. गरम पाण्याच्या आंघोळीची आणि कपडे धुण्याच्या यंत्रांची खात्री असते. ‘हिपकॅम्प’ खासगी मालकांच्या जमिनी दाखवतं. ते 2013 मध्ये सुरू झालं त्याला कारण एक तरुणी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कॅम्पिंगला जाण्याआधी तिने भरपूर माहिती शोधली. तिथे पोचल्यावर समोर सर्फिंगच्या उत्तम लाटा, आणि तिचा बोर्ड घरी. लाटांबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. ‘हिपकॅम्प’वरची वर्णनं आता मालक लिहितात, म्हणजे प्रत्येक ओढा ‘झुळझुळणारा’ असतो. मी वर्णन सोडून देतो आणि आधी राहून गेलेल्यांनी काढलेले फोटो बघतो, त्यातही वाटेचे. चिखलात चाक किती रुतलंय ते मालकाच्या फोटोत कधी दिसत नाही.

मला मनापासून आवडलेली व्यवस्था ‘हार्वेस्ट होस्ट्स’ची. वर्षाची वर्गणी भरली की शेतं, द्राक्षमळे, दारूच्या छोट्या भट्ट्या, एखादं संग्रहालय अशा ठिकाणी एक रात्र गाडी लावता येते. भाडं नाही, पण काहीतरी विकत घ्यायचं हा रिवाज. गाडीत स्वतःचा संडास आणि पाण्याची टाकी हवीच. आम्ही पेनसिल्व्हेनियात एका दूध-डेअरीवर उतरलो. मालकीणबाईंनी गाडी कुठे लावायची ते दाखवलं आणि सकाळी साडेपाचला धारा काढायला येणार का, असं विचारलं. आईने तिथल्या दुधाचं विरजण गाडीतच लावलं आणि दुसऱ्या दिवशी दह्याची कवडी काढून दाखवली. आम्ही चीज, लोणी, दूध असं मिळून कॅम्पग्राउंडच्या भाड्याइतकाच खर्च केला असेल. हिशेब बाबांच्या डायरीत आहे, मी विचारलेला नाही. अशीच ओळख खासगी घरांच्या अंगणाशी करून देणारं ‘बूनडॉकर्स वेलकम’ एका माय-लेकींनी 2012 मध्ये काढलं होतं. 2021 मध्ये तेही ‘हार्वेस्ट होस्ट्स’ने घेतलं.

तिसरा बोलणारा म्हणजे वाटसरू. ‘आयओव्हरलँडर’ हे ॲप लोकांनी भरलेल्या नोंदींवर चालतं. फुकट मुक्कामाच्या जागा, पाण्याचे नळ, गॅस भरायची ठिकाणं, मेकॅनिक. उत्तर अमेरिकेपासून पार पॅटागोनियापर्यंत. अमेरिकेच्या पश्चिमेत केंद्रीय भूमी विभागाची सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी साधारण 14 दिवसांपर्यंत कुणालाही न विचारता, फुकट राहता येतं. त्या जमिनीवर पाटी नसते, कुंपण नसतं. कच्चा रस्ता कुठे संपतो ते आधी जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो.

इथे मी एकदा आपटलो. युटामधल्या एका जागेला भरभरून शाबासक्या होत्या. सूर्योदय, शांतता, सपाट जमीन. मी वरच्या दहा-बारा वाचल्या आणि निघालो. पोचलो तेव्हा अंधार पडत होता. रस्त्यावर फाटक आणि फाटकाला कुलूप. गाडीतच खाली खाली सरकवत गेलो तेव्हा तीन आठवड्यांपूर्वीची एका ओळीची नोंद सापडली : ‘फाटक बंद, वळायला जागा नाही.’ वळायला खरोखरच जागा नव्हती. बाबा हातात बॅटरी घेऊन मागे उभे राहिले आणि कंडक्टरसारखे गाडीच्या अंगावर थाप मारत मला पाव मैल उलटं नेलं. तेव्हापासून मी नोंदी तारखेनुसार लावतो, नवी आधी, आणि शाबासकीच्या नोंदी सोडून तक्रारीच्या वाचतो. सूर्योदय कुठे पळून जात नाही. फाटक बदलतं.

फाटक का बंद होतं, यात या ॲप्सचा थोडा हात आहे, हेही सांगायला हवं. चार जणांना माहीत असलेली जागा चाळीस हजारांना कळली की तिथे कागद, राख आणि त्याहून वाईट गोष्टी साठतात. ॲरिझोनातल्या सेडोनाच्या पश्चिमेला पूर्वी जंगलात कुठेही गाड्या लागायच्या. वनखात्याने तो मुक्काम ठरावीक जागांपुरता आणला. मला आवडलेल्या एका ओढ्याकाठच्या जागेची नोंद मी अजून कुठेच केलेली नाही. इतरांच्या नोंदींवर फुकट जगणारा माणूस हे करतो, याची थोडी लाज वाटते, पण तेवढीच.

आता टाकीकडे येऊ, कारण जेवणाच्या टेबलावर कुणी न काढणारा हा विषय आरव्हीत दर तिसऱ्या दिवशी निघतोच. गाडीत तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, स्वयंपाक-आंघोळीच्या सांडपाण्याची ती ग्रे, आणि संडासाची ती ब्लॅक. ग्रे आणि ब्लॅक रिकाम्या करायला डंप स्टेशन लागतं. ‘सॅनिडंप्स’वर त्यांची यादी आहे, ‘आयओव्हरलँडर’वरही आहे. वॉशिंग्टन राज्यात महामार्गावरच्या काही विश्रांतिस्थळांवर ही सोय असते; मोठ्या ट्रक-थांब्यांवर बहुधा पैसे पडतात आणि त्यांच्याच ॲपमध्ये ते आधी कळतं. जागा शोधून देण्यापलीकडे ॲपचं काम संपतं. आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो, हा क्रम डोक्यात पक्का हवा. हातमोजे हवेत. पाइपचं टोक भोकात नीट बसलंय याची खात्री झाल्याशिवाय खटका ओढायचा नाही. आई गाडीपासून तीस पावलांवर, पाठ करून, पदर नाकाला लावून उभी होती. “तिकडे एवढं शिकवलं, आणि इथे येऊन हे काम,” असं ती म्हणाली. पण दर वेळी आधी विचारायची तीच : भरली का?

टाकीच्या पातळीचे गाडीतले दिवे खोटं बोलतात. आतल्या संवेदकाला कागद चिकटला की रिकामी टाकी दोन-तृतीयांश भरलेली दिसते. ते फोनवर दाखवणारी यंत्रणाही आता येते. खोटं तेच, पडदा नवा. आमच्याकडे बाबांची डायरी होती : चार माणसं, तीन दिवस, सोडा.

विजेसाठी मला आजवर उपयोगाचं एकही ॲप मिळालेलं नाही. 30 अँपिअरच्या जोडणीवर 120 व्होल्टने 3600 वॉट मिळतात. एसी साधारण 1500 खातो, पाणी तापवायची टाकी विजेवर ठेवली तर जवळपास तेवढंच, आणि त्यात आईने चहासाठी इलेक्ट्रिक किटलीचं बटण दाबलं की अंधार. दोनदा असं झाल्यावर बाबांनी वहीचं पान फाडून फ्रिजवर चिकटवलं : ‘किटली = एसी बंद.’ फोडणीचं काय करायचं तेही त्याच पानावर होतं. मोहरी तडतडली की धुराचा भोंगा बोंबलायचा, म्हणून फोडणी बाहेर, पिकनिकच्या टेबलावर, छोट्या गॅसवर. शेजारच्या साइटवरचे दोन टेक्सन म्हातारे वास घेत आले आणि कांदेपोहे खाऊन गेले.

फोनमधलं एक बिनखर्ची साधन मात्र रोज लागतं : पातळी. आयफोनच्या ‘मेजर’ ॲपमध्ये ते असतंच. आरव्हीतले बरेच फ्रिज गॅसवर चालणारे असतात आणि गाडी तिरकी असली की नीट थंड करत नाहीत. फोन फ्रिजच्या तळाशी ठेवायचा, आकडा बघायचा आणि ज्या बाजूचं चाक खाली आहे त्याखाली प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवायचे. दोन अंशांच्या आत आलं की चहा ठेवायचा.

नेटवर्कबद्दल एवढंच सांगतो की ॲपची परीक्षा घरी, विमान-मोड लावून घ्यावी. जे उघडलं नाही ते जंगलातही उघडणार नाही. कुठे कुठल्या कंपनीचा सिग्नल येतो याच्या नोंदी ‘कॅम्पेंडियम’वर लोक स्वतः करू लागले, आणि कंपन्यांच्या रंगीत नकाशांपेक्षा त्या खऱ्या निघाल्या. उपग्रहाची तबकडी घेऊन जाणारे वाढलेत. रेडवुडच्या झाडांखाली तिलाही आभाळ दिसत नाही. आयफोन 14 पासून संकटात उपग्रहावरून मदत मागता येते, हे घरातल्या प्रत्येकाला करून दाखवावं. आणि ॲरिझोनात घड्याळावर विसंबू नये. ते राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच्यात वसलेलं नवाहो राष्ट्र करतं. पेज गावाच्या आसपास फोन कधी इकडचा मनोरा पकडतो, कधी तिकडचा. अँटिलोप कॅन्यनच्या फेऱ्या ॲरिझोनाच्या वेळेने सुटतात. आम्ही एक तास आधी पोचून टपरीत बसलो. उलटं झालं असतं तर पैसे गेले असते.

हवा आणि आग यांच्या ॲप्सना मी झोपायच्या आधी हात लावतो, बाकी सगळी बंद असली तरी. आरव्ही म्हणजे चाकांवरची भिंत. वायोमिंगमधून जाणाऱ्या 80 क्रमांकाच्या महामार्गावर वारा असा असतो की हलक्या आणि उंच गाड्यांसाठी तो वेळोवेळी बंद करतात. राज्याचं ‘511’ ॲप हे थेट सांगतं. जवळपास प्रत्येक राज्याची अशी 511 सेवा आहे. दिसायला ओबडधोबड, पण बोलणारा रस्ता राखणारा माणूस आहे. वणव्यांसाठी ‘वॉच ड्यूटी’. हे 2021 मध्ये कॅलिफोर्नियात, नफा न कमावण्याच्या तत्त्वावर सुरू झालं. निवृत्त अग्निशामक, वार्ताहर, स्वयंसेवक अग्निशमन दलाचं बिनतारी संभाषण ऐकतात आणि आग कुठे आहे, कुठे सरकतेय, कुठला रस्ता मोकळा करतायत ते नकाशावर टाकतात. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस पेटलं तेव्हा लाखो लोक सरकारी सूचनांच्या आधी त्यात बघत होते. धुरासाठी पर्यावरण खात्याचं ‘एअरनाउ’. बाबांना दमा आहे. एकदा ऑरेगनमध्ये त्यातला आकडा बघून आम्ही दोन दिवसांचं आरक्षण सोडून समुद्राकडे निघालो. पैसे परत मिळाले नाहीत.

पेट्रोलचे भाव सांगणाऱ्या ‘गॅसबडी’चं कौतुक फार होतं, मला ते जरा अतीच वाटतं. मोठ्या आरव्हीची टाकी 55 गॅलनची आणि गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते. गॅलनमागे 20 सेंट वाचले तर पूर्ण टाकीमागे 11 डॉलर. त्यासाठी पाच मैल आत जाऊन पाच मैल परत आलात तर निदान एक गॅलन तिथेच जळतं. शिवाय आतल्या गावातल्या पंपाच्या छपराची उंची कुठल्या ॲपमध्ये आहे? मी महामार्गालगतच्या ट्रक-थांब्यावर, आरव्हीसाठी आखलेल्या रांगेत भरतो.

बाकी हौसेची ॲप्स भरपूर. त्यांतलं एक सोडून सगळी परतल्यावर पुसली. उरलं ते कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’; आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. आई पहाटे फोन उंच धरून गाडीभोवती फिरायची.

युरोपात मुक्कामाच्या जागा दाखवायचं काम ‘पार्क फॉर नाइट’ करतं, ऑस्ट्रेलियात ‘विकिकॅम्प्स’, न्यूझीलंडमध्ये ‘कॅम्परमेट’. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मला काही मित्रांनी विचारलं, आपल्याकडे यांतलं कुठलं चालेल? मुक्कामाच्या नोंदी ‘आयओव्हरलँडर’वर भारतातल्याही मिळतात. पण टाकी सोडायची जागाच नसेल तर तिची यादी कोण करणार? आधी गटार, मग ॲप.

शेवटच्या दिवशी गाडी परत करायच्या आधी मेरीलँडमधल्या एका डंप स्टेशनवर थांबलो. धुवायच्या नळाचा चाप मोडका होता, पाणी अंगावर उडालं, तारेने बांधून कसंबसं काम उरकलं. मी गाडीत येऊन सीटवर बसलो, किल्ली फिरवली.

“लिहिलंस का?” बाबांनी मागून विचारलं.

“काय?”

“नळाचं.”

फोन काढला. ‘नळाचा चाप मोडका आहे. स्वतःचा जोड-पाइप आणा,’ असं लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि फोन परत दिला. “गाडी किती फुटांची होती तेही घाल. म्हणजे वळते की नाही ते मागच्याला कळेल.”

तीस फूट, असं शेवटी जोडलं आणि पाठवलं.